बोलण्याचा वाटा

बी.ए.ला असताना आम्हाला शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ नेमलेलं होतं. परीक्षेत प्रश्न ठरलेला असायचा, की नायकाच्या नाशाला त्याचा कोणता दोष कारणीभूत झाला? आम्ही ‘संशयी स्वभाव’ असं लिहायचो, त्याला चार उदाहरणं जोडायचो आणि पास व्हायचो. नाटकात बायका आहेत, त्या काय बोलतात, किती बोलतात, कधी गप्प बसतात, हे ना आम्हाला कुणी विचारलं, ना आमचं आम्हाला सुचलं. बायकांचा वर्ग होता अर्धाअधिक, तरी.

मागच्या चातुर्मासात आमच्या दुपारच्या वाचनाच्या बैठकीत कुसुमाग्रजांचा, म्हणजे शिरवाडकरांचा मराठी ‘ऑथेल्लो’ वाचायचं ठरलं. नाटक हे स्वाध्यायाचं पुस्तक होऊ शकतं का, यावर आधी थोडी कुरबुर झाली. पण बेळगावच्या बायकांना नाटकाला फार वेळ नाही म्हणता येत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि गोविंद बल्लाळ देवल या गुरुशिष्यांची नावं इथल्या हवेत आहेत, आणि देवलांनीच 1890 साली याच नाटकाचं ‘झुंझारराव’ करून ते मराठी घरात आणून बसवलं. तेव्हा वाचायचं ठरलं. घरी आल्यावर मी माळ्यावरच्या ट्रंकेतून माझं जुनं इंग्रजी पुस्तकही काढलं, आणि पेन्सिल घेऊन कुणाच्या वाट्याला किती ओळी आल्या ते मोजायला बसले.

मोजायची मला सवयच आहे. माळेचे मणी, दुधाचा रतीब, जेवायला किती पानं. त्यामुळे हे काम मला जड गेलं नाही, फक्त चार दुपारी गेल्या.

नाटक सव्वातीन हजार ओळींच्या आसपासचं. आवृत्तीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होतो. त्यातल्या जवळजवळ अकराशे ओळी एकट्या इयागोच्या. म्हणजे नाटकाचा तिसरा हिस्सा खलनायकाने खाल्ला. ज्याच्या नावाचं नाटक, त्या ऑथेल्लोला नऊशेच्या आतच. जिच्या जिवावर हे सगळं उठलं त्या डेस्डिमोनाला चारशेही नाहीत. आणि एमिलिया, इयागोची बायको, डेस्डिमोनाची सोबतीण, तिला अडीचशेच्या आसपास.

आकडे पाहून पहिला विचार मनात आला तो आपल्या शिकवणुकीतला. भाषासमिती सांगताना आपले महाराज म्हणतात ना, हित, मित आणि प्रिय बोलावं. इयागो मित बोलत नाही, हित तर नाहीच. फक्त प्रिय तेवढं बोलतो. जास्त बोलणारा तो वाईट. बैठकीत मी हे सांगितलंसुद्धा, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारी आक्का म्हणाल्या, ‘म्हणूनच मौनाने जेवावं!’ हसून आम्ही पुढे गेलो.

पण दोन दिवसांनी तिसऱ्या अंकातला तो मोठा प्रवेश वाचायला घेतला, आणि माझा हिशेब चुकलेला मला दिसला.

ज्या प्रवेशात ऑथेल्लोच्या मनात विष पडतं, तिथे सुरुवातीला इयागो काय बोलतो? जवळजवळ काही नाही. कॅसिओला डेस्डिमोनाजवळून जाताना पाहून तो स्वतःशीच पुटपुटल्यासारखं करतो, की मला हे बरं वाटत नाही. काय म्हणालास, असं ऑथेल्लो विचारतो. काही नाही, मालक. मग ऑथेल्लो एक प्रश्न विचारतो, इयागो त्यातलाच शेवटचा शब्द परत त्याच्या हातात ठेवतो. कॅसिओ प्रामाणिक नाही का? प्रामाणिक, मालक? तुला काय वाटतं? वाटतं, मालक? बस्स. एवढंच. ऑथेल्लो स्वतःच म्हणतो, की हा माझाच प्रतिध्वनी करतो आहे, जणू याच्या मनात काही भयंकर दडलंय. तिथून पुढे जे काही भयंकर आहे ते ऑथेल्लो स्वतः रचतो. इयागोने नुसती जागा रिकामी ठेवली.

आपल्या घरांत हे कुणी पाहिलेलं नाही? ‘जाऊ दे, मी काही बोलत नाही,’ असं म्हणून जी बाई पदराने ओठ पुसते, तिने सांगायचं ते सगळं सांगून टाकलेलं असतं. वर आणि तिला मितभाषी म्हणतात.

म्हणजे ओळी मोजून पाप मोजता येत नाही. हा इयागो नाटकाच्या शेवटी पकडला जातो, ऑथेल्लो विचारतो की तू हे का केलंस, आणि अकराशे ओळी बोललेला हा माणूस जाहीर करतो की आता यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही. आणि उरलेल्या नाटकात एक शब्दही बोलत नाही. हेही मौनच. आम्ही बायका एकमेकींकडे बघत राहिलो. ज्या गोष्टीला आपण व्रत म्हणतो, तीच याने शेवटचं शस्त्र म्हणून वापरली. वचनगुप्ती म्हणजे वाणीला आवर. पण आवर कशासाठी, हे पाहिल्याशिवाय गप्प बसण्याला पुण्य चिकटवता येत नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. आपण ते पाठ करतो आणि पुढच्या व्रताकडे जातो. मी त्या दिवशी पहिल्यांदा एकेकावर थांबले. मिथ्योपदेश, म्हणजे चुकीच्या वाटेचा सल्ला. रॉडेरिगोला आणि कॅसिओला इयागो हेच देतो. रहोभ्याख्यान, म्हणजे नवराबायकोच्या एकांतातल्या गोष्टी उघड्या करणं. नाटक सुरू होतं तेच मुळी मध्यरात्री एका बापाला उठवून त्याच्या लेकीबद्दल ओरडून सांगण्याने. साकारमंत्रभेद, म्हणजे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून, हावभावावरून त्याच्या मनातलं ओळखून मत्सराने ते बाहेर फोडणं. इयागो त्याच्याही पुढे जातो: कॅसिओच्या हसण्याला तो भलताच अर्थ लावून लांब उभ्या असलेल्या ऑथेल्लोला दाखवतो. न्यासापहार म्हणजे ठेव बुडवणं. तो रुमाल ही ठेवच होती की नाही, यावर आमच्यात वाद झाला, तो मी सोडून देते. कूटलेख, खोटे कागद, तेवढे त्याने केले नाहीत. पाचांतले तीन-चार एका माणसात! आणि नाटकभर सगळे त्याला ‘प्रामाणिक’ म्हणतात. पन्नासएक वेळा तो शब्द आणि त्याची भावंडं येतात, आणि बहुतेक वेळा याच्याच मागे.

आणखी एक गोष्ट मोजताना लक्षात आली. इयागोच्या ओळींतल्या कितीतरी ओळी कुणाशीच बोललेल्या नाहीत. सगळे गेल्यावर तो एकटा उभा राहून आपल्याला, समोर बसलेल्यांना, आपला बेत सांगतो. नाटकातल्या कुणालाच माहीत नाही ते आपल्याला पहिल्या अंकापासून माहीत असतं. आपण तिकीट काढून गप्प बसलेलो असतो. नाटकात बसलेल्यांनी उठून ओरडावं असं मी म्हणत नाही. पण ठाऊक असून गप्प बसायची सवय कशी असते, ते त्या खुर्चीत बसून कळतं.

आता एमिलियाकडे येते. मला खरं तर तिच्याविषयीच लिहायचं होतं.

डेस्डिमोनाच्या हातून रुमाल पडतो, तो एमिलिया उचलते. नवरा शंभरदा मागत होता, म्हणून. त्याला तो कशाला हवा तिला माहीत नाही. त्याची लहर पुरवावी, एवढंच. दिल्यावर तिच्या मनात चुकचुकतंही. मोठं काही कारण नसेल तर परत दे, बिचारी बाई वेडी होईल, असं ती म्हणते. तो तिला घालवून देतो. पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना विचारते, एमिलिया, माझा रुमाल कुठे पडला असेल गं? आणि एमिलिया म्हणते, मला ठाऊक नाही.

एवढीशी ओळ. मी ती पेन्सिलीने मोजली तेव्हा एक धरली. मग लगेच ऑथेल्लो येतो, रुमाल मागतो, ओरडतो, डेस्डिमोना गांगरते, आणि एमिलिया तिथेच उभी असते. तो गेल्यावर पुरुषांच्या जातीविषयी ती चांगली फटकळ बोलते, पण रुमालाविषयी नाही. तोंड आहे, जीभ आहे, धीरही आहे, आणि नेमकी ती एकच गोष्ट बोलायची राहते. त्या वेळी सांगितलं असतं तर तिसऱ्या अंकात नाटक संपलं असतं.

बैठकीत एकीने विचारलं, मग ती दोषी का? आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं, कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, करवून घेतलं, केलेल्याला मनाने होकार दिला. एमिलियाने वाईट काही केलं नाही, करवलं नाही, होकारही दिला नाही. तिला पुढे काय होणार ते ठाऊकच नव्हतं. मग तिचं गप्प बसणं कोणत्या खान्यात टाकायचं? पंडितजींना विचारलं, ते म्हणाले, भाव बघा. खरं आहे. पण भाव बघायचा तर तिचा भाव काय होता? नवऱ्याची मर्जी सांभाळावी आणि घरात वाद नको. या भावाला आपण संसार म्हणतो.

शेक्सपिअरने ही गोष्ट ज्या इटालियन कथेवरून घेतली, ती चिंथिओची, 1565 साली छापलेली. तिच्यात या बाईला नावसुद्धा नाही. तिला नवऱ्याचा बेत सगळा ठाऊक असतो, पण त्याच्या भीतीने ती तोंड उघडत नाही. रुमालही ती देत नाही, नवराच चोरतो. आणि ती जगते. सगळे मेल्यावर, नवराही मेल्यावर, तीच ही हकिकत जगाला सांगते. शेक्सपिअरने दोन्ही टोकं फिरवली. त्याने तिला काही ठाऊक नसल्याचं केलं, तिच्या हाताला मात्र रुमाल चिकटवला, आणि जगून उरण्याऐवजी बोलून मरायला लावलं. मला हा बदल फार मोठा वाटतो. ठाऊक असून गप्प राहिलेल्या बाईची आपल्याला कीव येते किंवा राग येतो, आणि आपण मोकळे होतो. अर्धवट ठाऊक असलेली, चुकचुकलेली, ‘जाऊ दे’ म्हणालेली बाई मात्र आपल्याच स्वयंपाकघरातली निघते.

शेवटच्या प्रवेशात ऑथेल्लो तिला सांगतो की तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं. त्यावर ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहते, माझा नवरा? माझा नवरा? इयागोने तिसऱ्या अंकात केलं तेच हे, दुसऱ्याचा शब्द परत उच्चारणं. फक्त त्याचं सोंग होतं आणि हिच्या पायाखालची जमीन सरकते आहे. ती म्हणते की मला तेव्हाच वाटलं होतं. हे ‘तेव्हाच’ वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. नवरा तिला गप्प बस म्हणतो, घरी जा म्हणतो. ती जमलेल्या लोकांची परवानगी मागते: त्याचं ऐकणं हे माझं काम आहे, पण आत्ता नाही. आणि रुमालाचं सांगते. तो तिला भोसकतो. तिच्या अडीचशे ओळींचा मोठा भाग नाटकाच्या शेवटाकडे गोळा झालेला आहे. बाईने बोलायचं साठवून ठेवलं की असं होतं.

1622 साली हे नाटक पहिल्यांदा छापलं, त्यात शेवटच्या आधीच्या रात्रीचं डेस्डिमोनाचं गाणं नाही, आणि नवरे जसे वागतात तशाच बायका शिकतात हे एमिलियाचं ठणठणीत बोलणंही नाही. पुढच्या वर्षीच्या मोठ्या ग्रंथात दोन्ही आहेत. का गळलं याबद्दल विद्वान भांडोत. जिथे कात्री लागायची तिथे ती बायकांच्याच ओळींना लागावी, याचं मला नवल वाटलं नाही, एवढंच.

डेस्डिमोनाबद्दल आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त भांडण झालं. ही मुलगी पहिल्या अंकात भर सभेत, बापासमोर, किती नीट आणि निर्भय बोलते! मग तिचं बोलणं आटत जातं. चारचौघांत नवरा हात उगारून मारतो, तरी मी असं काही केलेलं नाही एवढंच. आणि मरताना, एमिलिया विचारते हे कुणी केलं, तर ती सांगते: कुणी नाही, मीच, आणि माझ्या भल्या धन्याला माझा नमस्कार सांग.

आक्का म्हणाल्या, ही क्षमा. उत्तम क्षमा. मारणाऱ्याविषयीही मनात वैर नाही. दुसरी म्हणाली, आचार्य समंतभद्रांनीच सांगितलंय, की ज्याने कुणावर संकट येईल ते खरंही श्रावकाने बोलू नये. तिने नवऱ्याला वाचवलं. मी तेवढ्यापुरती गप्प राहिले, पण मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. असत्याचा विचार करताना आपण प्रमाद बघतो, कषाय बघतो. तिच्या मनात द्वेष नव्हता हे कबूल. पण आपल्या शास्त्रात द्वेषाच्या आधी राग येतो, मराठीतला राग नव्हे, आसक्ती. ज्याने गळा दाबला तोच भला धनी, हे कोणत्या डोळ्यांनी दिसतं? क्षमा करायला आधी त्याने केलं ते केलं असं म्हणावं लागतं. तिने गुन्हाच पुसून टाकला आणि स्वतःच्या नावावर लिहिला. तिच्या त्या ओळीने मला रडू येतं, दर वेळी येतं. पण माझ्या सुनेला मी ती ओळ शिकवणार नाही.

हे बैठकीत मी बोलले नाही, इथे लिहितेय. त्यावरून मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर एमिलियाला बोल लावायचा मला अधिकार नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या एकत्र घरात सासूबाईंची एक पाटली दिसेनाशी झाली. धाकटी जाऊ तेव्हा नवीन होती, तिचं माहेर गरिबीचं, आणि आठवड्यापूर्वीच ती माहेरी जाऊन आली होती. कुणी तिला चोर म्हटलं नाही. कुणी काहीच म्हटलं नाही. तिच्यासमोर कपाटाला कुलूप लागायला लागलं, आणि ती आली की बोलणं थांबायचं. मी त्याआधी दोनच दिवस घरातल्या एका वडीलधाऱ्यांचा सदरा धुवायला घेताना खिशात सराफाची गहाणाची पावती पाहिली होती. दुकानाची अडचण होती, मला कळलं. पावती मी वाळवून परत त्यांच्या टेबलावर ठेवली. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. त्या वर्षी पर्वात मी दहा दिवस दुपारी मौन पाळलं, आणि सासूबाईंनी माझं कौतुक केलं.

वर्षभरात धाकटी दोघं वेगळी राहायला गेली. पुढे पाटली सुटून कपाटात आली. तेव्हाही कुणी काही बोललं नाही.

दर वर्षी क्षमावाणीला मी तिला फोन करते. मन-वचन-कायेने काही चुकलं असेल तर क्षमा कर, असं म्हणते. ‘असेल तर.’ तीही तेच म्हणते. या वर्षी नाटक वाचून झालं होतं, आणि मी फोन न करता बसने तिच्याकडे गेले. तिने सूर्यास्ताआधी जेवायला वाढलं. जेवण मौनाने झालं. हात धुतल्यावर मी तिला पावतीचं सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता.

ती थोडा वेळ ताटं आवरत राहिली. मग म्हणाली, ‘मला माहीत होतं, वैनी. तुम्ही मागच्या दारात पावती वाळत टाकली होती, मी दोरीवरचे कपडे काढत होते.’

मी म्हटलं, ‘मग तू का नाही बोललीस?’

‘मी बोलले असते तर कुणी ऐकलं असतं?’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, आज वैनी बोलतील. उद्या बोलतील.’

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी निघाले तेव्हा तिने मला स्टँडपर्यंत सोडलं, आणि बस सुटेपर्यंत आम्ही दोघी तिच्या गुडघ्याच्या औषधाबद्दल बोलत होतो.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवला. नावं घालू नका म्हणाली. ज्यांचा सदरा होता ते आता नाहीत. पाटलीचं राहू दे म्हणाली. मी दहा दिवस मौन धरलं होतं ते वाक्य काढू का, असं मी विचारलं, तर तिने पुन्हा एकदा ते वाचायला लावलं, आणि म्हणाली, ‘नको, ते ठेवा.’